वाळलेलं झाड उभं राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचकांच्या पत्रांत अधूनमधून एक मागणी वाचायला मिळते. जंगलात वाळलेली, पोकळ, वाकडीतिकडी झाडं वर्षानुवर्षं तशीच उभी असतात, पडली की जागेवर कुजतात, उत्पन्न बुडतं, कीड पसरते. तेव्हा ती वेळच्या वेळी काढून जंगल स्वच्छ ठेवावं, अशी ती मागणी. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी उत्पादनाच्या जंगलात गेली आणि तोडायच्या झाडांवर खूण उमटवण्याचा, म्हणजे मार्किंगचा, हातोडा मी स्वतः चालवलेला आहे. ही मागणी जशीच्या तशी अमलात आली तर जंगल हिरवं दिसेल, पण त्यातले कितीतरी रहिवासी उठून जातील. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे.

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ येतं. मी बोलतोय ते दुसऱ्या जंगलाबद्दल. जिथे कूप (तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे) पाडले जातात, विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) होते, लाकूड डेपोवर जातं, ते जंगल. अशी जंगलं संरक्षित क्षेत्रांच्या मानाने कितीतरी जास्त पसरलेली आहेत. पक्ष्याला किंवा मधमाशीला आपण अभयारण्यात आहोत की कूप क्रमांक अमुकमध्ये, हे ठाऊक नसतं. तिला राहायला जागा मिळते की नाही, एवढंच असतं.

मार्किंग कसं चालतं ते आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. एकजण टेप घेऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजतो, दुसरा जात आणि घेर नोंदवहीत लिहितो, तिसरा साल तासून हातोड्याची खूण उमटवतो. विरळणीत कोणतं झाड काढायचं याचा निकष सगळीकडे जवळपास सारखा असतो. सरळ, निरोगी, जोमदार वाढणारं राखायचं. वाकडं, पोकळ, रोगट, मोडक्या शेंड्याचं, वाळलेलं काढायचं. लाकडाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण लाकूडवाल्याच्या नजरेतला हाच दोष जंगलातल्या बऱ्याच जिवांना हवा असतो. प्रत्येक विरळणीला आपण नेमकी तीच झाडं निवडून काढतो. एका फेरीने फारसं बिघडत नाही. दहा-दहा वर्षांनी तीनचार फेऱ्या झाल्या की सगळी खोडं सरळसोट उभी राहतात आणि अख्ख्या कक्षात (जंगलाच्या एका आखलेल्या भागात) एक ढोली शोधून सापडत नाही.

आमच्या एका कक्षात नाल्याच्या वरच्या अंगाला एक म्हातारा बेहडा होता. बुंध्याशी दोघांच्या कवेत न मावणारा. वीज पडून वरचा निम्मा भाग केव्हाच गेलेला, उरलेल्या खोडाची एक बाजू वाळलेली, दुसरीवर अजून पालवी. हातोड्याची मागची बाजू आपटली की भरीव झाड टणत्कार देतं, हा घुमायचा. सुतार पक्ष्याने पाडलेली भोकं वरपर्यंत एकाखाली एक. खालच्या खांद्याला, जुनी फांदी मोडून पडली होती तिथे, एक लांबट ढोली. तिच्या कडेला वाळून घट्ट झालेल्या लिंपणाचे तुकडे चिकटलेले आणि बुंध्याशी पालापाचोळ्यात उंबराच्या बिया, रानफळांच्या आठोळ्या यांचा थर. झाड मार्किंगला आलं तेव्हा ढोलीत कोणी नव्हतं. पण राखी धनेश या पक्ष्याचं घर ओळखायला एवढी खूण पुरते. मादी ढोलीत जाऊन बसते, विष्ठा आणि माती यांनी तोंड लिंपून घेते आणि फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती अंडी उबवते, पिसं टाकते, आणि नर बाहेरून फळं, किडे आणून तिला आणि पिल्लांना भरवतो. आठोळ्यांचा थर त्या फटीतून खाली पडलेला.

मार्किंग पावसाळा संपल्यावर, थंडीत होतं. धनेश ढोली धरतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे हातोडा घेऊन माणूस झाडाखाली उभा राहतो तेव्हा घर रिकामं असतं, आणि धनेश परत येतो तेव्हा तिथे थुट असतं. कुणाची दुष्ट बुद्धी लागत नाही. कामाचं आणि विणीचं वेळापत्रक जुळत नाही, एवढंच पुरतं. म्हणून ‘झाडावर घरटं दिसलं तर सोडा’ ही सूचना कागदावर चांगली वाटली तरी थंडीतल्या मार्किंगला तिचा उपयोग नाही. खुणा वाचायला शिकवल्या पाहिजेत. लिंपणाचे अवशेष, बुंध्याशी आठोळ्या, ढोलीच्या ओठावर घासून गुळगुळीत झालेली साल, भोकाखाली विष्ठेचे पांढरे ओघळ, फटीतून येणारा वटवाघळांचा उग्र वास. एका सकाळीत शिकवता येईल असं हे आहे.

ढोली पाडणारे थोडे आणि त्यांत राहणारे पुष्कळ, हे आणखी एक लक्षात घ्यायला हवं. सुतार पक्षी स्वतः खोड कोरतो. तांबट आणि कुटूरगा मऊ झालेल्या, वाळक्या फांदीत भोक पाडतात. बाकीचे सगळे त्यांनी सोडलेल्या, नाहीतर फांदी मोडून, खोड कुजून आपसूक झालेल्या ढोलीत येतात. पोपट, मैना, पिंगळा, नीलपंख, हुदहुद, वल्गुली, धनेश. पक्ष्यांशिवाय उडणारी खार, घोरपड, वटवाघळांच्या कितीतरी जाती. आणि सातेरी मधमाशी. आग्या मोहोळ उघड्या फांदीला किंवा कड्याला लटकतं. सातेरीला मात्र बंदिस्त पोकळी लागते. ज्या जंगलातून पोकळ झाड गेलं तिथून सातेरीचा निवारा गेला, आणि आसपासच्या शेतातल्या, रानातल्या फुलांचं काम करणारी एक मोठी फौज कमी झाली. मधपेट्या वाटायच्या आणि त्याच वेळी जंगलातलं पोकळ झाड कापायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

आता काळाचा हिशोब. झाड कापलं तर नवीन लावू, असं सहज म्हटलं जातं. रोप दोन वर्षांत डोक्याएवढं होतं. ढोली होत नाही. झाड जाडजूड व्हायला हवं, मग फांदी मोडायला हवी, त्या जखमेतून बुरशी आत शिरून गाभा मऊ व्हायला हवा, आणि हे सगळं होत असताना झाड उभं राहायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं एक उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. लेडबीटर्स पॉसम नावाचा तिथला एक लहानसा निशाचर प्राणी नामशेष झाला असं मानलं जात होतं; १९६१ मध्ये तो पुन्हा सापडला. त्याचं राहणं माउंटन अॅश या निलगिरीच्या जातीच्या ढोल्यांत. १९३९ च्या जानेवारीत त्या भागात भीषण वणवे लागले आणि जंगलं मोठ्या प्रमाणात जळाली. पण जळून मेलेली जुनी खोडं उभी राहिली आणि त्यांच्याच पोकळ्यांत हा प्राणी पुढची अनेक दशकं तगला. ती खोडं आता एकेक करून पडत आहेत. १९३९ नंतर उगवलेली झाडं उंच, देखणी आहेत, पण त्यांच्यात ढोल्या नाहीत, कारण या झाडात राहण्याजोगी पोकळी व्हायला साधारण १२० वर्षं आणि मोठी व्हायला त्याहून जास्त लागतात. लाकडासाठी तोडीचं चक्र त्यापेक्षा आखूड होतं. जिथे ते चक्र फिरत राहील तिथे ढोली कधीच होणार नाही, हा साधा हिशोब होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी तो वर्षानुवर्षं मांडला. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड थांबली.

सगळीकडे तोड थांबवा, असं मी म्हणत नाही. लाकूड लागतं, ते कुठूनतरी येणारच, आणि नीट सांभाळलेल्या जंगलातून आलेलं बरं. माझं म्हणणं इतकंच की ढोलीचं वय आणि तोडीचं चक्र यांचा मेळ बसत नाही, म्हणून काही झाडं त्या चक्रातून कायमची बाहेर काढायला हवीत.

आपल्याकडचा रानपिंगळा हेच सांगतो. १८७३ मध्ये या घुबडाचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही, आणि तो संपला अशी समजूत झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्या शोधमोहिमेत तो शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी. नंतर मेळघाटात आणि मध्य भारतात इतर ठिकाणीही आढळला. तो राहतो तो सागाच्या, मोकळ्याढाकळ्या पानझडी जंगलात, म्हणजे वर्षानुवर्षं माणसाचा हात लागलेल्या जंगलात. आणि त्याला अंडी घालायला झाडाची ढोली लागते, जी तो स्वतः पाडू शकत नाही. हा पक्षी वाचणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा हातोडा धरणाऱ्या माणसाच्या पुढ्यात येतो, आणि त्याला ते कोणी सांगितलेलंही नसतं.

उभ्या झाडाइतकंच आडव्या पडलेल्या झाडाचं. वाळलेलं खोड पडतं, वाळवी आणि बुरशी लागते, भुंग्यांच्या अळ्या पोखरतात, आणि काही पावसाळ्यांत ते हाताने चुरगळता येईल असं भुसभुशीत होतं. भर उन्हाळ्यात असं खोड जरा उलटून बघावं. आजूबाजूची जमीन तापलेली, भेगाळलेली असते आणि खोडाखाली माती गार, दमट. तिथे विंचू असतो, गोम असते, बेडूक दबा धरून बसलेला असतो, सापसुरळी सळसळत निघून जाते. (खोड आपल्या बाजूने उचलावं, म्हणजे खालचा जीव पलीकडे निघून जातो, आणि पाहून झालं की जसं होतं तसं ठेवावं.) फिनलंडमध्ये या गोष्टीचा बारकाईने अभ्यास झालाय. तिथल्या जंगलातल्या एकूण जातींपैकी २० ते २५ टक्के, म्हणजे चार ते पाच हजार जाती, कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. दक्षिण फिनलंडच्या न तोडलेल्या जुन्या जंगलात हेक्टरी ६० ते १२० घनमीटर मेलेलं लाकूड सापडतं. तोडीखालच्या जंगलात ते दहा घनमीटरांच्याही खाली गेलं आणि त्यावर जगणारे भुंगे, बुरशा धोक्यातल्या जातींच्या यादीत आल्या. आपल्या पानझडी जंगलात लाकूड लवकर कुजतं, वाळवी जास्त, त्यामुळे ते आकडे इथे लावता येणार नाहीत. कारण मात्र तेच आहे.

शेजारच्या स्वीडनने १९९३ मध्ये वनकायदा बदलला आणि लाकडाचं उत्पादन व पर्यावरण ही दोन्ही उद्दिष्टं एकाच पातळीवर आणली. तेव्हापासून तिथे तोड करताना काही झाडं बुंध्यापासून कापण्याऐवजी तीनचार मीटर उंचीवर कापून उंच खुंट मुद्दाम उभे ठेवतात. यंत्रावरचा चालकच ते करतो. उत्पादन थांबत नाही आणि भुंग्यांना, सुतारांना लाकूड मिळतं. लाकूड हेच ज्यांचं मोठं उत्पन्न, त्यांनी हे केलं आहे.

कीड पसरेल, हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकलाय आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या सालवृक्षांच्या जंगलांत खोडकिड्याने जो कहर केला तो वनखात्यातला कुणी विसरणार नाही. अशा साथीत लागण झालेली झाडं तातडीने काढावीच लागतात. पण त्या भुंग्याला पकडायला काय वापरतात ते पाहा. ताज्या तोडलेल्या सालवृक्षाचे ओंडके ठेचून जंगलात ठेवतात. त्याच्या रसाच्या वासाने भुंगेरे गोळा होतात आणि मग ते वेचून मारतात. ओढ असते ती ओल्या, नुकत्या मरणाऱ्या लाकडाची. पाचसात वर्षं उन्हात वाळलेल्या, साल गळून गेलेल्या खोडात त्याला रस नसतो. ‘मेलेलं झाड म्हणजे कीड’ असा सरसकट हिशोब केल्यावर आपण निरुपद्रवी खोड काढतो, आणि अळ्या वेचणारे सुतार, शिलींध्री, वल्गुली यांचं घर त्याबरोबर जातं.

वणव्याचं भय खरं आहे. वाळलेलं उंच खोड पेटलं की ठिणग्या लांब उडतात, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) ओलांडतात. म्हणून जाळरेषेच्या लगत वाळलेलं झाड ठेवू नये, आतल्या भागात ठेवावं. मजुरांच्या अंगावर पडण्याचा धोकाही आहे, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. जंगलात काम करणाऱ्या माणसाच्या जिवापेक्षा ढोली मोठी नाही. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने सरकारी जंगलांत २०१० पासून यावर वाट काढली आहे. सुटी सुटी झाडं विखरून ठेवण्यापेक्षा म्हातारी, पोकळ झाडं आणि त्यांच्या भोवतालची झाडं असा गटच राखायचा. त्या गटात कामच करायचं नाही. मजूर सुरक्षित राहतो आणि जिवांना एकाच ठिकाणी उभं, आडवं, जिवंत, मेलेलं असं सगळं मिळतं. नाल्याकाठची पट्टी यासाठी उत्तम. अर्जुन, उंबर, करंज, जांभूळ तिथे आधीच असतात, ओल असते, आणि काठावर झाडं राखली तर माती वाहून जात नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

सरपणाचा प्रश्न मी टाळणार नाही. जंगलालगतच्या घरांची चूल वाळक्या लाकडावर चालते आणि डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईला ढोल्यांचं शास्त्र सांगणं हा अन्याय होईल. तिला पाहिजे असतात हातात मावतील अशा फांद्या, काटक्या. दोघांच्या कवेत न मावणारा पोकळ बेहडा ती नेत नाही. तो तोडीच्या यादीवर चढतो म्हणून जातो. उलट कोणत्या झाडात काय राहतं याची सगळ्यात पक्की माहिती याच बायकांकडे आणि गुराख्यांकडे असते. गट ठरवताना त्यांना विचारलं तर सर्वेक्षणाचा निम्मा वेळ वाचेल.

यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. १७१३ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी जेवढं उगवेल तेवढंच कापा असं मांडलं, कारण खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड कमी पडत होतं. १८६४ मध्ये हिंदुस्थानात वनखातं उभं राहिलं ते डीट्रिश ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखाली, आणि तोच जर्मन हिशोब सागाला लागला. त्यांनी जंगल उजाड होण्यापासून राखलं, हे मोठं काम होतं. त्यांच्या नोंदवहीत घनफूट मोजायला रकाना होता. ढोली मोजायला नव्हता. आजही बहुधा नसतो.

उशीर केला तर काय होतं, हेही सांगतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात एक छोटा सुतार पक्षी आहे, रेड-कॉकेडेड वुडपेकर. तो जिवंत, जुन्या पाइनमध्ये ढोली कोरतो. गाभ्याला बुरशी लागून मऊ झालेली म्हातारी झाडंच निवडतो, तरी एक ढोली पुरी व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात. जुनी पाइनची जंगलं तुटली आणि पक्षी मोजका उरला. साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात त्याची मोठी वस्ती होती. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळ त्यावरून गेलं आणि ढोलीची बहुतेक झाडं एका रात्रीत मोडली. उरलेल्या पक्ष्यांसाठी वनकर्मचाऱ्यांनी शिड्या लावून, उभ्या पाइनमध्ये करवतीने खाचा पाडून लाकडी पेट्या बसवल्या. पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या आणि वस्ती सावरली. त्या पक्ष्याची झाडं तिथे खोडाला पांढरा पट्टा मारून दाखवलेली असतात, म्हणजे पुढच्या तोडीच्या वेळी कुणाचा हात चुकून जाऊ नये. आपल्याकडे करवतीने ढोल्या कोरायची पाळी अजून आलेली नाही. रंगाच्या डब्यावर भागेल.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी स्वरूपाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून जंगलातली तोड मंजूर कार्य आयोजनेप्रमाणेच, म्हणजे त्या जंगलात काय काम करायचं याच्या आराखड्याप्रमाणेच, करता येते. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. तिच्यात लिहिलेलं खाली बीटपर्यंत, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीपर्यंत, पोहोचतं. भाषणात सांगितलेलं पोहोचत नाही. तेव्हा प्रत्येक कूपाच्या मार्किंग नोंदवहीत राखलेल्या झाडांचं वेगळं पान हवं: जात, घेर, जागा आणि ढोली आहे की वाळलेलं आहे याची नोंद. झाडाला कायमचा पट्टा. त्याच्या शेजारी त्याचं वारस झाडही ठरवलेलं हवं, मधल्या वयाचं, थोडं वाकडं असलं तर उत्तम, कारण म्हातारं कधीतरी पडणारच आणि त्या दिवशी वारस तयार नसेल तर पुन्हा शंभर वर्षं थांबावं लागेल. पुढच्या आयोजनेत हे पान जसंच्या तसं उतरवलं जावं. नवा अधिकारी आला म्हणून यादी नव्याने सुरू होऊ नये. किती झाडं राखायची हा आकडा जंगलाच्या प्रकाराप्रमाणे तज्ज्ञांनी ठरवावा. राखलेल्या झाडांचं मूल्य त्या विभागाच्या उत्पन्नाच्या उद्दिष्टातून वजा व्हावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. उद्दिष्ट तेवढंच ठेवून झाडं राखायला सांगितली तर वर्षअखेरीला ती कापलीच जातील. खालच्या कर्मचाऱ्याला दुसरा मार्ग नसतो.

थंडीतलं मार्किंग पाऊस थांबला की सुरू होतं. त्याआधी उन्हाळ्यात एकदा, विणीच्या दिवसांत, त्याच कूपातून बीटगार्डने आणि गावातल्या दोन जाणत्या माणसांनी फिरून ढोलीची झाडं हेरून पट्टा मारावा आणि पान भरावं. येत्या हंगामासाठी हे करायचं तर आदेश उन्हाळ्यापूर्वी निघायला हवेत. आपल्या वृत्तपत्राच्या मार्फत संबंधितांपर्यंत हे पोहोचावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वनपाल